घोडमुखीला हळदकुंकू

मला चित्रातलं ओ की ठो कळत नाही, हे आधीच कबूल केलेलं बरं. माझं काम सॉफ्टवेअर तपासण्याचं. दुसऱ्यांनी केलेल्या कामातल्या चुका शोधायच्या, त्या नीट नंबर घालून लिहायच्या आणि ज्याची चूक त्याच्यापुढं नेऊन ठेवायच्या. एकवीस वर्षं हेच करते आहे. नवरा म्हणतो, ऑफिसात तुला याचा पगार मिळतो, घरी तू हे समाजसेवा म्हणून करतेस. त्याला काय जातंय बोलायला. तर अशा माझ्यासारख्या बाईच्या ताब्यात एक खरंखुरं चित्र चार दिवस सांभाळायला आलं, आणि त्या चार दिवसांत आमच्या घरानं त्याची जी काही शोभा केली, ती सांगते.

आम्ही जर्सी सिटीत भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहतो, एकोणिसाव्या मजल्यावर. खिडकीतून मॅनहॅटनचा एक बारीक तुकडा दिसतो, उरलेलं समोरच्या नव्या बिल्डिंगनं गिळलं. कॉरिडॉरच्या टोकाला एक क्यूबन आजी एकटी राहते. ऐंशीच्या पुढची, काळी, उंच, ताठ चालणारी, कचरा टाकायला जातानासुद्धा लिपस्टिक लावणारी. माझी मुलगी लहान असताना तिला अबुएला म्हणायला लागली, म्हणजे स्पॅनिशमध्ये आजी, आणि आता अख्खा मजला तेच म्हणतो.

जुलैत माझ्या सासूबाई पुण्याहून आल्या आणि महिन्याभरात या दोघींचं गूळपीठ जमलं. सासूबाईंना इंग्रजी जेमतेम, अबुएलाला मराठीचा गंध नाही. तरी दुपारी लॉबीतल्या सोफ्यावर बसून तासन् तास गप्पा. एक मराठीत, एक स्पॅनिशमध्ये. मी एकदा विचारलं, आई, तुम्हाला तिचं कळतं तरी काय? तर म्हणाल्या, अगं, तिच्या जावेनं फार छळलं बिचारीला. मी अबुएलाला हळूच विचारून पाहिलं. ती म्हणाली, माझा नवरा एकुलता एक होता. पण दोघी खूश होत्या, मग मी मध्ये बोलणारी कोण?

ऑक्टोबरात अबुएलाच्या वरच्या फ्लॅटमधला पाइप फुटला आणि तिच्या छतातून पाणी गळायला लागलं. गुरुवारी संध्याकाळी मी ऑफिसातून येऊन चपला काढतेय तोवर ती दारात. हातात पुठ्ठ्याची मोठी, चपटी पेटी. आत तिच्या वडिलांनी काढलेलं चित्र होतं. ते हवानात दुकानांच्या पाट्या रंगवायचे आणि उरलेल्या वेळात, कुणी सांगितलं नसताना, कागदावर भलतंच काहीतरी काढत बसायचे. म्हातारपणी ते लेकीकडे न्यू जर्सीत आले आणि इथंच वारले. जन्मभरात त्यांचं एक चित्र कुठं लागलं नाही. अबुएलाची एकच इच्छा राहिली होती, आपण आहोत तोवर बापाचं नाव एकदा तरी कुठल्यातरी भिंतीवर त्याच्या चित्राशेजारी लागलेलं बघायचं.

आणि तो योग आला होता. जवळच्या एका कॉलेजच्या छोट्याशा गॅलरीत, क्यूबाकडच्या बेटांवरून आलेल्या आणि कुणालाच ठाऊक नसलेल्या चित्रकारांचं प्रदर्शन भरणार होतं. गॅलरीची बाई चित्र पाहून गेली होती, तिला ते पसंतही पडलं होतं. तेवढ्यात हा पाइप. नशिबानं फ्रेम भिजली, कागद वाचला. गॅलरीवालीनं फोनवर बजावलं की फ्रेम आणि काच काढून टाका, कागद कोरड्या जागी आडवा ठेवा, मी सोमवारी येऊन बघते. आहे तसा राहिला असेल तर भिंतीवर लागेल. नवे डाग पडले असतील तर मात्र माझा नाइलाज आहे.

‘तुझं घर कोरडं आहे,’ अबुएला म्हणाली. ‘सोमवारपर्यंत ठेव. उघडू नको.’

मी हो म्हटलं. मनात म्हटलं, घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं. कारण रविवारी आमच्याकडं दसरा होता. इथं आपले सण तिथीला येत नाहीत, शनिवार-रविवारी येतात. चौदा माणसं जेवायला होती, श्रीखंडाचा चक्का टांगायचा होता, आणि आता कपाटावर ही पेटी. पण त्यात खरोखरच घोडं असेल, असं मात्र मला वाटलं नव्हतं.

उघडू नको म्हटलेलं उघडून बघणं हा माझा व्यवसाय आहे. शनिवारी दुपारी सासूबाई खोलीत पडल्या होत्या, तेव्हा मी पेटी उघडली. आत पातळ कागदाखाली दोन हात लांबीचं चित्र. काळी शाई आणि कोळसा, दुसरा रंग नाही. एक बाई बसलेली. मान लांबच लांब, आणि त्या मानेवर घोड्याचं तोंड. आयाळ खाली येता येता उसाची पानं होत होती. छातीच्या जागी दोन पपया. हात किती ते मी तीनदा मोजले, एकदा सहा भरले, दोनदा सात, कारण एक हात मध्येच फांदी होत होता. एका हातात सुरी. डोक्यावर केसांच्या जागी एक छोटं गोल तोंड, दोन शिंगं, कवडीसारखे डोळे, आणि ते तोंड माझ्याकडं बघून हसत होतं. बाई समोरून दिसत होती आणि त्याच वेळी बाजूनंही. अंगाचे कोन करून, मोडून, पुन्हा जोडल्यासारखी. पण रेघ अशी की कुठं हात थरथरलेला नाही, एकदा टेकवलेली लेखणी पार पावलापर्यंत न उचलता आणलेली. मला चित्रातलं कळत नाही, पण चुका कळतात, आणि त्या रेघेत मला एकही सापडली नाही.

इथपर्यंत ठीक होतं. पेटी बंद करून ठेवली असती तर हे सगळं लिहायची वेळ आली नसती. पण रविवारी येणाऱ्या पाहुण्यांत एक जोडपं होतं, गेल्या वर्षी शिकागोजवळच्या नेपरव्हिलहून बदलून आलेलं. ते कुठंही गेले की स्वतःच्या घरातल्या भिंतींचे फोटो फोनवर दाखवायचे. हे अमुक ऑक्शनमध्ये घेतलं, हे तमुक आर्टिस्टकडून थेट घेतलं. आमच्या घरी आले की आमच्या कोऱ्या भिंतींकडं बघून ती बाई म्हणायची, ‘किती मिनिमल ठेवलंयस गं.’ तिच्या त्या ‘गं’वर मी वर्षभर दात ओठ खात होते. म्हटलं, दोन तास ठेवू समोर. तेवढ्यानं काय कागद झिजतो?

रविवारी सकाळी लवकर उठून मी हॉलमधलं लांब टेबल मोकळं केलं, मागं पांढरा पुठ्ठा लावला आणि बाईसाहेबांना भिंतीला टेकवून उभं केलं. लांबून पाहिलं. घराला एकदम घरंदाजपणा आला. मग मी झेंडू आणायला गाडी काढून गेले. नवरा झोपलेला, मुलगी झोपलेली, सासूबाई आंघोळीला.

परत आले तर दार उघडताक्षणी उदबत्तीचा वास. आमच्याकडं खंडेनवमीची आणि दसऱ्याची पूजा एकदमच होते, म्हणजे घरात जे काही काम करतं त्याला हळदकुंकू. सासूबाईंनी काही म्हणता काही सोडलं नव्हतं. मिक्सर, कुकर, गाडीची दुसरी किल्ली, नवऱ्याची तीन वर्षं न चाललेली व्यायामाची सायकल, व्हॅक्यूम क्लीनर. माझ्या ऑफिसच्या लॅपटॉपला तर नेमकं कॅमेऱ्यावर कुंकू, म्हणजे पुढच्या मीटिंगला मी लाल. मी हसतच होते. हसता हसता टेबलाकडं वळले.

घोडमुखीच्या कपाळावर, डोळ्यांच्या बरोबर मध्ये, ओल्या बोटानं लावलेलं हळदीचं बोट. त्यावर कुंकू. कुंकवाला चिकटलेल्या तीन अक्षता. पुढं नारळ, विड्याचं पान, आणि आपट्याचं पान म्हणून बिल्डिंगच्या बागेतल्या रेडबड नावाच्या झाडाचं पिवळं पान.

मी काय बोलले ते सगळं इथं लिहिणार नाही. आवाज मात्र बाराव्या मजल्यापर्यंत गेला असणार. विचारायचं नाही का, दिसेल त्याला कुंकू फासायचं का, हे दुसऱ्याचं आहे, हे आर्ट आहे. मुलगी डोळे चोळत बाहेर आली, चित्राकडं पाहिलं, आजीकडं पाहिलं आणि म्हणाली, ‘आजी, दॅट्स नॉट अ गॉड.’ मग पुन्हा चित्राकडं बघून म्हणाली, ‘आय मीन, आय थिंक.’ सासूबाई हातात कुंकवाची कोयरी घेऊन उभ्या होत्या. मी कोरडा ब्रश घेऊन पुढं झाले तेव्हा फक्त एवढंच म्हणाल्या, ‘हात लावू नकोस, आणखी पसरेल.’

मी हात लावला. माझ्यापेक्षा त्यांना जास्त कळतं हे मान्य करायला मी काय वेडी होते? टिकलीएवढं कुंकू होतं, त्याचा नाकापर्यंत फराटा झाला. आता ती बाई रागानं लाल झाल्यासारखी दिसायला लागली, आणि तिचा राग रास्तच होता.

तेवढ्यात बेल वाजली. साडेबाराला या म्हटलं होतं, आणि आपली माणसं कधी नव्हे ती साडेबाराला हजर. आणि आलेल्या प्रत्येकानं काय करावं? टेबलापुढं उभं राहून हात जोडले. नारळ होता, उदबत्ती होती, फूल होतं, मग दुसरं काय करणार? नेपरव्हिलवालीनं तर पदर खांद्यावरून घेऊन नमस्कार केला आणि मला विचारलं, कुठल्या देवस्थानची गं ही? ऑक्शनचं नाव नाही, आर्टिस्टचं नाव नाही. करायला गेले गणपती अन् झाला मारुती.

खरं काय ते कळल्यावर मात्र सगळ्यांनी श्रीखंडाच्या वाट्या हातात घेऊन सल्ले सुरू केले. एकानं पांढऱ्या ब्रेडचा मऊ भाग सुचवला, एकीनं टूथपेस्ट, एकीनं लिंबू. एक काकू बेकिंग सोडा घेऊन उठल्याच होत्या, पण त्यांचा रसायनवाला मुलगा म्हणाला, सोड्यानं हळद लाल होते, कुंकू असंच बनतं. काकू खाली बसल्या. सासूबाई पुऱ्या वाढत होत्या आणि कुणाच्याही नजरेला नजर देत नव्हत्या.

पाहुणे गेले. ऊन अजून होतं. मी चित्र पेटीत ठेवलं आणि अबुएलाला काय सांगायचं ते ठरवत बसले. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते खोटं नाही, मला एकेक सुचायला लागलं. पाइपचं पाणी आधीच आत गेलं होतं म्हणावं, गंजाचा रंग उतरला म्हणावं. दुसऱ्यांच्या चुका एकवीस वर्षं पकडल्यावर स्वतःची लपवायला माणूस चांगलाच हुशार होतो. मी गंजाच्या गोष्टीला करंजीसारखी मुरड घालत होते, आणि बाहेरचं दार वाजलं. पाहते तो सासूबाई गेलेल्या. पाच मिनिटांनी परत आल्या त्या अबुएलाचा हात धरून. साडी बदललेली, नवी कांजीवरम. दारात जाऊन काय बोलल्या, कशा बोलल्या, देव जाणे.

त्यांनी पेटी उघडली, अबुएलाला समोर बसवलं आणि मला म्हणाल्या, ‘सांग तिला. हे माझ्या हातून झालं. मला माफ कर म्हणावं.’

मी सांगितलं. इंग्रजीत, शब्दाला शब्द. पेटी मी उघडली, टेबलावर मी उभं केलं, फराटा मी ओढला, हे सासूबाईंनी सांगितलं नव्हतं, म्हणून मीही सांगितलं नाही. भाषांतर करणाऱ्यानं आपलं काही घालू नये असा नियम असतो ना, त्या नियमाच्या आड मी चांगली अंग चोरून उभी राहिले.

अबुएलानं चष्मा मागितला. मग चित्राच्या खालच्या कोपऱ्यातल्या एका जुन्या तपकिरी डागावर बोट ठेवून म्हणाली, ही रम आहे. माझ्या आईनं शिंपडली. वडील घरी नव्हते, ते आल्यावर बघतात तर चित्रावर रम आणि पुढं खोबऱ्याचे तुकडे. महिनाभर तिच्याशी बोलले नाहीत. ते म्हणायचे, मी पॅरिसच्या मासिकांत बघून तोंडं मोडायला शिकलो, रेघ शिकलो, आणि ही बाई माझ्या चित्राला दारू पाजते. आई म्हणायची, मासिकातून तू मोडायला शिकलास, पण जे मोडलंस ते माझ्या आजीनं सांगितलेलं आहे. कारण त्यांच्याकडं अंगात येतं तेव्हा देव माणसावर स्वार होतो असं म्हणतात. ज्याच्या अंगात आलं तो देवाचा घोडा. चित्रातली बाई म्हणजे तशी घोडा झालेली बाई. आणि डोक्यावरचं शिंगवालं ते कार्टं, तेही एक देवच, दाराशी बसणारं, रस्ते उघडणारं आणि खोड्या काढणारं.

मी हे सासूबाईंना सांगितलं. त्या इतका वेळ मान खाली घालून होत्या, त्यांनी पटकन वर पाहिलं. म्हणाल्या, आमच्या गावी त्याला झाड म्हणतात. देवीचं झाड. झाड घुमायला लागलं की गाव जमतं. मग घोडमुखीच्या फांदी झालेल्या हाताकडं बोट दाखवून म्हणाल्या, हिला तर दोन्ही झालंय. मी अबुएलाला सांगितलं. दोन म्हाताऱ्या एका कागदावर वाकून हसायला लागल्या, आणि मला वाटलं, चला, वाचलो.

पण हसता हसता अबुएलाचा चेहरा उतरला. ‘गॅलरीवाली हे आता घेणार नाही,’ ती म्हणाली. ‘मी ब्याऐंशीची आहे. पुन्हा कोण विचारायला येणार?’ आणि तिनं लिपस्टिक लावलेले ओठ घट्ट मिटून घेतले. सासूबाईंना शब्द कळले नसतील, पण त्यांनी तिचा हात सोडला नाही.

मला जेवण गेलं नाही. शेवटी मी लॅपटॉप उघडला आणि मला जे येतं तेच केलं. झालेल्या चुकीचा रिपोर्ट लिहिला, ऑफिसात लिहिते तसा. काय व्हायला हवं होतं: कागद सोमवारपर्यंत पेटीत. प्रत्यक्षात काय झालं: कपाळावर हळद, कुंकू, तीन अक्षता. मग पायऱ्या. एक, उघडू नको असं सांगितलेलं असताना मी पेटी उघडली. दोन, पाहुण्यांसमोर मिरवायला मी चित्र हॉलमध्ये उभं केलं आणि घरात कुणाला सांगितलं नाही. तीन, माझ्या सासूबाईंनी सणाच्या दिवशी घरातल्या सगळ्या वस्तूंना करतात तेच त्यालाही केलं. चार, हात लावू नकोस असं त्यांनी सांगितलं असताना मी ब्रशनं पुसलं आणि डाग वाढवला. कुणाची चूक: माझी. सोबत हळदीत काय असतं, कुंकवात काय असतं, बोट पाण्यानं ओलं होतं की तेलानं, सगळं विचारून लिहिलं. तेलानं नव्हतं, पाण्यानं होतं.

सोमवारी सकाळी गॅलरीवाली यायच्या आधी तो कागद मी अबुएलाच्या हातात दिला. तिनं उभ्या उभ्या वाचला. मला वाटलं आता हिच्या तोंडचं ऐकावं लागणार. तर ती म्हणाली, ‘काल तुझ्या नखांत लाल होतं. तुझ्या सासूच्या नव्हतं.’ एवढंच. आणि कॉफी ओतली.

गॅलरीवालीनं हातमोजे घातले, भिंग काढलं, माझा कागद दोनदा वाचला. म्हणाली, लोक नेहमी खोटं सांगतात, पाणी सांडलं म्हणतात, मग आम्ही भलताच उपाय करून बसतो. हे नीट लिहिलंय म्हणून काही करता येईल, कदाचित. जुने कागद दुरुस्त करणारा एक माणूस आहे, त्याच्याकडं नेते. वचन देत नाही. आणि ती पेटी घेऊन गेली.

तीन आठवडे गेले. त्या तीन आठवड्यांत अबुएला लॉबीत आली नाही. छताचं काम चालू होतं हे खरं, पण पाइप फुटला त्याच्या दुसऱ्या दिवशीही ती आली होती. सासूबाई दुपारी सोफ्यावर एकट्या बसून वर यायच्या. मी त्यांच्याशी नीट बोलत होते, फार नीट, चुकून फुटेल अशा भांड्याशी वागावं तसं. माफी मात्र मागितली नव्हती. अबुएलाला इंग्रजीत लिहून दिली, ती सोपी गेली. मराठीत तोंडातून निघेना.

मग एक दिवस अबुएलानं बेल वाजवली. लिपस्टिक लावलेली. चित्र लागणार होतं. त्या माणसानं कोरड्या हातानं कण कण करून कुंकू उचललं होतं. हळदीचं फिकट बोट राहिलं होतं, ते आणखी ओढलं तर कागद जाईल म्हणाला. गॅलरीवालीनं अबुएलाला विचारलं, चालेल का? अबुएला म्हणाली, आईची रम चालते तर हेही चालेल.

नोव्हेंबरातल्या एका शनिवारी दुपारी उद्घाटन होतं. मी आणि सासूबाई अबुएलाबरोबर गेलो. छोटीशी खोली, पंचवीस-तीस माणसं, टूथपिक लावलेले चीजचे तुकडे. आणि समोरच्या भिंतीवर घोडमुखी, नव्या काचेमागं, कपाळावर जेमतेम दिसेल असा पिवळा ठिपका घेऊन. शेजारी छोट्या पांढऱ्या पाटीवर तिच्या वडिलांचं नाव, पूर्ण, आईकडच्या आडनावासकट. अबुएला चित्राकडं बघतच नव्हती. ती पाटीसमोर उभी होती. पुन्हा पुन्हा तेच एक नाव वाचत होती, आणि वाचताना तिचे ओठ हलत होते.

मी अभिनंदन म्हटलं. ती माझ्याकडं न बघता बोलायला लागली, हळू, इंग्रजीत.

‘अकरा वर्षं ते माझ्याकडं होते. मागच्या छोट्या खोलीत. हे चित्र त्यांच्या पलंगाखाली असायचं. भिंतीला एक खिळा मारू का, असं त्यांनी मला कधी विचारलं नाही. मुलं घाबरतील, मला आवडणार नाही, असं वाटत असेल. आणि मीही कधी म्हटलं नाही की पापा, मारा.’

सासूबाईंनी माझ्या दंडाला धरून विचारलं, काय म्हणतेय? मी सांगितलं. त्यांनी मान हलवली आणि चित्राकडं बघत राहिल्या. नंतर अबुएलाच्या पाठीवरून हात फिरवला.

अबुएलाला तिचा नातू घरी सोडणार होता, म्हणून परतताना आम्ही दोघीच होतो. लाइट रेलच्या स्टेशनवर वारा बोचत होता. मी सासूबाईंची शाल नीट केली आणि शेवटी धीर करून म्हटलं, ‘आई, त्या दिवशी मी ओरडले. चूक माझी होती.’

‘झालं ते झालं,’ त्या म्हणाल्या.

‘पण तुम्ही त्याला कुंकू लावलंत तरी का? मिक्सरचं समजू शकते मी.’

‘मला काय ठाऊक ते चित्र होतं. बाहेर आले तर टेबल स्वच्छ मोकळं केलेलं, मधोमध ती बसवलेली. मला वाटलं, तू देव मांडलास. कुठलाही असेना. म्हटलं, बरं झालं, आता माझेही बाहेर काढता येतील.’

‘तुमचे कुठले?’

‘बॅगेत आहेत ना. बाळकृष्ण, अन्नपूर्णा आणि टाक.’

मला कळेचना. चार महिने त्या रोज सकाळी दार लावून घ्यायच्या. मी समजायचे, पुण्याला फोन करत असतील. तर त्या पलंगावर टॉवेल अंथरून देव मांडायच्या, पूजा करायच्या, पुसून शालीत गुंडाळायच्या आणि बॅगेची चेन लावायच्या. रोज. माझ्या घरात. मी बाहेर ओट्याशी ओट्स ढवळत असताना.

मला रडू आलं आणि रागही आला, आणि या वेळी राग काढायला समोर कुणीच नव्हतं. गाडी आली. आम्ही चढलो, त्यांना खिडकीशी बसवलं. मी म्हटलं, ‘आई, घरी गेल्या गेल्या ते टेबल मोकळं करते. देव बाहेर काढा.’

त्या खिडकीबाहेर बघत होत्या. माझ्या हातावर हात ठेवला, थोपटल्यासारखं केलं.

‘राहू दे गं,’ त्या म्हणाल्या. ‘आता नऊ दिवसांवर तर फ्लाइट आहे. तेवढ्यासाठी कशाला मांडामांड.’